दिग्यास पत्र: एकसष्टावी

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं दिवाळीचं पत्र सात महिने फ्रिजवर लटकतंय. येताजाता सुलू म्हणते, "दिगूभावजींना लिहिलंत का?" नाही लिहिलं, काय करशील? शुगर ठीक, गुडघा बेठीक, बाकी बरं. आज लिहितोय ते शहाणपण सुचून नव्हे. एक भानगड झालीये आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. सुलूला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "चिल्लरच ना? मग ठेवा डब्यात."

इथे इंग्लंडात माझ्याबरोबर धातू हुडकायचा डिटेक्टर घेऊन शेतं तुडवणारा तो म्हातारा मार्चमध्ये गेला. महिन्याभराने त्याच्या बायकोने बोलावून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हातात ठेवला. पैसे घेईना, तेव्हा सुलूने रव्याचे लाडू दिले. डब्यात गणवेशाची बटणं, शिशाच्या गोळ्या, आणि तळाशी कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी. तीच ती, ज्यात तू जुन्या बाजारात तंबाखू लपवायचास. डबीत कापसात गुंडाळलेली 43 नाणी. करंगळीच्या नखावर दोन मावतील एवढीशी. सगळ्यांवर एकसारखाच काळपट हिरवा थर, खाचांतून एकाच रंगाची माती. सुटीसुटी गोळा केलेली अशी दिसत नाहीत रे. ही एकत्रच पुरलेली होती.

तुला मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईपलीकडे जग नाही, म्हणून सांगतो. 348 साली रोमच्या सम्राटांनी तांब्याचं नवं नाणं काढलं. त्यावर पायदळातला शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय आणि भोवती लिहिलंय, 'सुखाचे दिवस परत आले'. दोनच वर्षांत गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, मॅग्नेन्शियस नावाच्या सेनापतीने बंड केलं, 353 मध्ये तो संपला आणि त्याची नाणी बाद झाली. लंडनची टांकसाळ 325 लाच बंद पडलेली, जवळची म्हणावी तर समुद्रापलीकडे ट्रीअरला. ब्रिटनमध्ये सुट्ट्यांची अशी चणचण झाली की लोकांनी आपापली पाडायला घेतली. आपल्याकडचा वाणी सुट्ट्यांऐवजी गोळ्या हातावर ठेवायचा, तसलाच प्रकार. कायद्याने खोटी, पण बाजारात चालायची. तांबं महाग म्हणून नाणी आकसत गेली, काही तर 5-6 मिलिमीटरची. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कुठे शिपायाचं मुंडकं गायब, कुठे घोडाच नाही. दुदांडी शिवराईवर 'छत्र' उमटायचं आणि 'पति' बाहेर राहायचा, तसंच. आणि अक्षरं! ठसा कोरणाऱ्याला वाचता येत नव्हतं. मजकुराच्या जागी नुसत्या उभ्या काड्या आणि मधेमधे गोल. घोडा म्हणशील तर सरळ बोकड आहे.

तर एका रात्री मी भिंग घेऊन बसलो होतो. तीन नाणी शेजारी ठेवली आणि हात थांबला. तिन्हीवर पडणाऱ्या स्वाराचा हात काटा-चमच्यातल्या काट्यासारखा, तीन बोटांचा. तोच बोकड, त्याच पाच काड्या. ठसा एकच! पुढे तर आणखी मजा आहे. पहिल्या नाण्यावर शिपायाच्या गुडघ्याखाली काही नाही. दुसऱ्यावर केसासारखी बारीक, वर उठलेली रेघ. तिसऱ्यावर तीच रेघ जाड होऊन कडेपर्यंत गेलेली. म्हणजे नाणी पाडता पाडता ठसा तडकत गेला आणि कोण्या गड्याने तसाच दामटला. दिग्या, सोळाशे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचा कामचुकारपणा मी क्रमाने लावून पाहिला. रात्री दोनला तुलाच फोन करणार होतो, पण तुझी पूजेची वेळ आठवली.

एका ठशाची तीन नाणी एकाच डबीत निघाली, म्हणजे ती फार हात फिरून आलेली नाहीत. पाडणारा जवळपासच बसला असणार. आता शेत कुठलं हे कळलं तर याला अर्थ आहे, नाहीतर खरंच चिल्लर.

शेत कुठलं ते कळलं. डबीच्या झाकणावर चिकटपट्टी आहे, म्हाताऱ्याच्याच अक्षरात: 'टॉप फील्ड, ऑक्टोबर 04'.

इथे गळ्याशी आलं. इथला कायदा असा, की एका जागी तांब्याची दहा किंवा जास्त जुनी नाणी सापडली तर तो 'ट्रेझर'. सापडणाऱ्याने 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे एरवी अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं. हा नियम सप्टेंबर 1997 पासूनचा. त्याआधी नुसत्या तांब्याला कुणी विचारत नव्हतं. म्हातारा सात वर्षांनी हुकला. आणि हाच म्हातारा क्लबात नव्या पोरांना दर महिन्याला व्याख्यान द्यायचा, "सापडलं की आधी कळवा!" त्याने का नाही कळवलं? विसरला? की माझ्यासारखंच त्यालाही वाटलं, की ही वेडीवाकडी नाणी कुणाला हवीयत, आपल्याजवळ असू देत? बायकोच्या लेखी तो देवमाणूस आहे. मी डबी घेऊन गेलो की पहिला प्रश्न त्याच्या नावावर येणार. त्या पट्टीचं एक टोक सुटलंय रे. नखाने ओढली तर निघेल. परवा ओढायला सुरुवातही केली होती.

आता हस. हक्क आहे तुझा. 1981, मामाची विहीर, नाण्यांचं गाडगं. मी म्हणत होतो निम्मी निम्मी वाटून घेऊ. तू 1878 चा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवलास, दहा रुपयांवरचं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं, आणि भर उन्हात सायकलवर गाडगं बांधून कचेरीत गेलास. मी तुला सगळ्यांदेखत हरिश्चंद्र म्हणालो. वर्षभर बोलणं बंद. नानांच्या बाराव्यालाही तू एका पंगतीत, मी दुसऱ्या. (जिलबी तरी वाढायची होतीस.)

पंचनाम्यात लिहिलं, 'तांब्याची जुनी नाणी, नग 60'. तू 61 म्हणत राहिलास. कारकुनाने तुलाच वेड्यात काढलं, आणि मामा म्हणाले, पोराला मोजता येत नाही.

एकसष्टावी माझ्याकडे आहे. सायकलला गाडगं बांधायच्या आधी मी ती काढली. पाकिटातून ती इथवर आली, म्हणजे 1972 च्या कायद्याने देशाबाहेर पळवलेलीसुद्धा ठरते. पैशांसाठी नाही घेतली, शपथ. तिच्यावरचा 'त्र' उलटा आहे. कोरणाऱ्याने आरशातलं अक्षर काढताना गोंधळ घातला. तेवढं एक चुकलेलं अक्षर मला सोडवेना. माझ्या या सगळ्या नादाचं मूळ तेच. इतकी वर्षं सुलूलाही बोललो नाही.

काल म्हाताऱ्याच्या बायकोकडे गेलो आणि सरळ सांगितलं. ती बराच वेळ चहा ढवळत बसली. मग म्हणाली, "त्या ऑक्टोबरात त्याची बायपास झाली." तारखा जुळतात का ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मंगळवारी आमच्या काउंटीच्या फाइंड्स ऑफिसरला, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्याला, भेटायचंय. डबी कोटाच्या खिशात घालून ठेवलीये, चिकटपट्टीसकट. टोक परत दाबून बसवलं.

मंदारचं लग्न ठरलं हे वसूमावशीकडून कळलं. अभिनंदन. मुलगी कोकणातली ना? मोतीबिंदूचं काय केलंस? डिसेंबरात येतोय, तेव्हा शिवराई घेऊन येईन. कचेरीत जायचं तर दोघं जाऊ, सायकल तू चालव.

तोवर हे घे. कागद शिवराईवर ठेवून पेन्सिल घासलीये. चष्मा लावून खालचा 'त्र' बघ.

तुझा,
मध्या