पिरोजी रंगाची जोडी उजळपणा पाहून ठरवावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत रंगसंगतीवर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र पिरोजी रंगाविषयी ‘पांढरा, राखाडी किंवा पोवळी यांपैकी कोणताही जोडीला चालतो’ एवढेच सांगून लेख पुढे गेला, आणि त्याच पानावर एका चौकटीतील मजकूर पिरोजी पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलेला होता. अनेक वर्षे छपाई आणि पडद्यावरील मांडणी अशा दोन्ही कामांत रंग निवडत आले असल्याने या सल्ल्यातील उणीव दाखवून द्यावीशी वाटते.

पिरोजी म्हणजे नेमका कोणता, हे ठरल्याशिवाय त्याची जोडी सुचवता येत नाही. ज्या खड्यावरून हे नाव आले तो पिरोजा म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे पाणीयुक्त फॉस्फेट आहे. त्याचा निळेपणा तांब्यामुळे येतो आणि ॲल्युमिनियमची जागा लोहाने घेतली की तो हिरवट होत जातो. म्हणजे खुद्द खड्यातच आकाशी निळ्यापासून सफरचंदी हिरव्यापर्यंतच्या छटा सापडतात. निळ्याकडे झुकलेल्या पिरोजीला गडद निळा, जांभळट करडा आणि चंदेरी मानवतो. हिरव्याकडे झुकलेल्याला मोहरी, गेरवा, विटकरी आणि सोनेरी. या दोन गटांची सरमिसळ झाली की प्रत्येक रंग सुटा चांगला असूनही एकत्र ते मळकट दिसतात.

संगणकावर ‘टर्क्वॉइज’ या नावाने ठरलेली छटा (रंगसंकेत ४०ई०डी०) घेतली तर, ० ते २५५ या मापात, लाल ६४, हिरवा २२४ आणि निळा २०८ अशी तिची मात्रा असते. रंगचक्रावर, म्हणजे सर्व रंग वर्तुळात मांडलेल्या आकृतीवर, ती १७४ अंशांवर येते, म्हणून तिच्या बरोबर समोर ३५४ अंशांवर किंचित गुलाबी झाक असलेला लाल येतो. चित्रकारांच्या तांबडा-पिवळा-निळा या जुन्या चक्रावर निळ्या-हिरव्यासमोर शेंदरी येतो. पोवळी या दोहोंच्या मधला असल्याने दोन्ही हिशेबांनी तो पिरोजीचा जवळजवळ विरोधी रंग ठरतो, आणि म्हणूनच ही जोडी इतकी लोकप्रिय आहे. ती नवीनही नाही. इ.स.पूर्व चौदाव्या शतकातील इजिप्तचा राजा तुतनखामून याच्या सुवर्णमुखवट्यात लाजवर्द हा गडद निळा खडा आणि पिरोजा यांच्या सोबतीला कार्नेलियन हा तांबूस खडा जडवलेला आहे. तिबेटी दागिन्यांतही पिरोजा आणि पोवळे शेजारी शेजारी ओवलेले असतात.

तथापि रंगचक्र केवळ रंगाची दिशा सांगते, उजळपणा सांगत नाही, आणि आपल्या लेखात नेमकी हीच बाजू राहून गेली आहे. पिरोजी दिसायला भरदार असला तरी तो बराच उजळ रंग आहे. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी, म्हणजे अधू दृष्टीच्या व्यक्तींनाही ती वाचता यावीत यासाठी, २००८ पासून सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणाभेद किमान ४.५ : १ असावा लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १ पुरतो. वर सांगितलेल्या पिरोजीवर पांढरी अक्षरे ठेवली तर हा भेद सुमारे १.६ : १ इतकाच भरतो. नेहमीच्या पोवळी छटेची अक्षरे ठेवली तर तो त्याहूनही कमी, सुमारे १.५ : १ होतो. याउलट गडद नेव्ही निळा घेतला तर तोच भेद साडेनऊच्या वर जातो आणि काळा घेतला तर बारापेक्षा अधिक. पोवळी आणि पिरोजी ही जोडी मोठ्या पृष्ठभागांवर, उदाहरणार्थ भिंत आणि उशी किंवा मुखपृष्ठ आणि त्यावरील आकृती अशा ठिकाणी, उत्तम शोभते. मजकूर आणि पार्श्वभूमी म्हणून ती वापरू नये. आपल्या चौकटीतील मजकूर वाचताना डोळ्यांना ताण पडत होता तो याच कारणाने, त्यात छपाईचा दोष नव्हता.

राखाडीविषयीही सरसकट होकार देणे मला पटत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये मांडल्याप्रमाणे शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची झाक दुसऱ्यावर टाकतो. त्यामुळे पिरोजीशेजारचा तटस्थ राखाडी गुलाबी भासू लागतो, आणि पुष्कळदा ग्राहकाला वाटते की दुकानदाराने चुकीचा डबा दिला. ही झाक नको असेल तर राखाडीत थोडी हिरवट छटा मिसळून घ्यावी. हवी असेल तर सरळ मातकट, उबदार करडा निवडावा. शिवाय लाल-हिरव्याचे रंगांधत्व असलेल्या व्यक्तींना निळसर हिरवा आणि राखाडी, तसेच निळसर हिरवा आणि फिकट गुलाबी, यांतील फरक नीट कळत नाही. म्हणून आलेखात किंवा नकाशात अशा जोडीतील दोन रंगांनी दोन वेगळ्या गोष्टी दाखवणे टाळावे, निदान त्यांच्या उजळपणात ठळक अंतर ठेवावे.

पांढऱ्यातही फरक आहे. निखळ पांढऱ्याशेजारी पिरोजी थंड आणि काहीसा दवाखान्यासारखा दिसतो. हस्तिदंती किंवा मोतिया पांढऱ्याशेजारी तो शांत होतो. वैयक्तिक पसंती विचारली तर मी पिरोजीला आधी एक तपकिरी देईन. खड्यातील तपकिरी-काळ्या रेषा पाहिल्या तर हे सहज पटेल: ज्या खडकात तो घडतो त्याच्याच त्या शिरा असतात, आणि त्यांच्यामुळे निळा फिका न पडता अधिक खुलतो. अक्रोडाचे लाकूड, कातडी बांधणी, गडद चॉकलेटी शाई, यांपैकी काहीही चालते.

प्रमाणाचा मुद्दाही महत्त्वाचा. पिरोजी आणि पोवळी दोन्ही निम्मे निम्मे वापरले की एकही रंग मागे हटत नाही आणि नजरेला विसावा मिळत नाही. सजावटकार ढोबळमानाने ६०, ३० आणि १० टक्के अशी विभागणी धरतात. त्यात पिरोजी ३० टक्क्यांवर आणि पोवळी १० टक्क्यांवर ठेवून उरलेली जागा हस्तिदंतीला द्यावी, असे मी सुचवेन.

भिंतीसाठी रंग घेताना प्रकाशाचाही विचार व्हायला हवा. साधारण २७०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे दिव्याच्या प्रकाशाची छटा सांगणारे एकक) पिवळसर दिव्यात निळ्या किरणांचे प्रमाण कमी असते, त्यामुळे दुपारी निळसर वाटलेला पिरोजी रात्री हिरवा दिसू लागतो आणि निळ्या गटातून निवडलेली त्याची जोडी विसंगत वाटते. नमुना दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्याखाली, दोन्ही वेळा, जोडीच्या रंगासह भिंतीवर लावून पाहावा. दुकानातील रंगांच्या नमुनापत्रिकेवरून निर्णय घेऊ नये.

आपली पुरवणी घर रंगवणारे सामान्य वाचक जपून ठेवतात, नवे मांडणीकारही त्यातून शिकतात. म्हणून विनंती अशी की, रंगसंगती सुचवताना रंगाच्या नावासोबत त्याची छटा निळसर आहे की हिरवट, तो गडद आहे की उजळ, आणि ती जोडी मजकुरासाठी आहे की पृष्ठभागासाठी, एवढे तरी छापावे. पिरोजी चौकटीतील अक्षरे यापुढे गडद निळी किंवा काळी करावीत.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक