आयटी विभागाचा आराखडा म्हणजे खरेदीची यादी नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

यूजीसीने उच्च शिक्षणसंस्थांना संस्थात्मक विकास आराखडा करायला सांगितले आहे. त्यामुळे विद्यापीठांच्या मॅनेजमेंट विभागांतही पुढच्या काही वर्षांची आखणी होते आहे. या आखणीत आयटी विभागाच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसती खरेदीची यादी येते: इतके पीसी, इतके प्रोजेक्टर, एक सर्व्हर, वाय-फाय. बडोद्यातल्या एका कारखान्याच्या ईडीपी खात्यात, म्हणजे संगणकावर माहिती हाताळणाऱ्या खात्यात, माझी सगळी नोकरी झाली. तिथे शिकलेली गोष्ट अशी, की यादी सर्वांत शेवटी करायची. हा विभाग कोणाच्या कोणत्या कामासाठी आहे आणि त्याचा प्रमुख कोणत्या बैठकीत बसणार, हे आधी ठरले पाहिजे.

माझी भाची एमबीए करते. संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. गेल्या सत्रात तिला बिझनेस ॲनालिटिक्सचे प्रात्यक्षिक होते, विक्रीचे आकडे घेऊन पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत विश्लेषण करायचे. अभ्यास मंडळाने विषय मंजूर केला, वेळापत्रक लागले, पण लॅबला कोणी काही कळवलेच नव्हते. मशीनवर पायथन नाही. ते टाकायला ॲडमिनचा पासवर्ड हवा, तो एएमसीवाल्या (वार्षिक देखभालीच्या कंत्राटावरच्या) इंजिनीअरकडे, आणि तो येणार त्याच्या ठरल्या वारी. शेवटी मुलांनी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून स्वतःच्या लॅपटॉपवर काम उरकले. ज्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता ती शेजाऱ्याच्या स्क्रीनकडे बघत बसली. बोलणी मात्र लॅब असिस्टंटने खाल्ली, ज्याला कुठल्याच बैठकीला बोलावलेले नव्हते! नवा विषय मंजूर होतो त्याच टेबलावर आयटीचा माणूस असता, तर हे घडले नसते.

खर्चाचेही तेच. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून कितीतरी चालती मशीन अधिकृतपणे वर नेताच येत नाहीत. ही तारीख मायक्रोसॉफ्टने फार आधी जाहीर केली होती. मशीन टप्प्याटप्प्याने बदलायची, की काहींवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ती आकडेमोडीच्या प्रात्यक्षिकांना द्यायची, हा निर्णय दोन-तीन वर्षे आधी घेण्याचा आहे. मार्चमध्ये निधी परत जाईल या धास्तीने काढलेल्या टेंडरमध्ये असा विचार होत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलांच्या माहितीची. प्रवेशाच्या वेळी आधार, जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हे सगळे कारकुनाच्या खासगी फोनवर व्हॉट्सॲपने मागवलेले मी पाहिले आहे. कारकून प्रामाणिकच असतो, त्याला दुसरी सोयच दिलेली नसते. पण फोन हरवला, की शेकडो घरांची कागदपत्रे गेली. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या अंगावर यायला अठरा महिन्यांची मुदत आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कोणती माहिती का घ्यायची, कुठे ठेवायची, कोण बघणार आणि कधी पुसायची, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवे.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून चालू झाली. सरकारी संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून मिळतात, मॅनेजमेंटचीही. पण घरून वाचायचे तर प्रत्येक विद्यार्थ्याला चालणारे लॉगिन हवे. ते देणे हे आयटीचेच काम, आणि त्याला नवे यंत्र लागत नाही.

आधी माणूस आणि मग वस्तू, याचे उत्तम उदाहरण आपल्या बडोद्यातच आहे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणले. तीनच वर्षांत त्यांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली, ग्रंथपाल शिकवून तयार केले आणि खात्याची घडी बसवून ते परत गेले. आज पाहायला मिळणारी सेंट्रल लायब्ररीची पोलादी मांडणीची इमारत पुढे १९३१ मध्ये उभी राहिली. आधी जाणता माणूस आणि त्याच्या हाती अधिकार, मग पद्धत, आणि इमारत त्यानंतर. महाराजांनी धरलेला हा क्रम आजही धरता येईल.

सध्या मात्र आयटीची माणसे बहुधा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात. सर्व्हरची खडान्‌खडा माहिती असलेला मुलगा एक दिवस दुसरीकडे नोकरी धरतो आणि सगळे त्याच्याबरोबर जाते. निदान दोन कायम पदे हवीत, आणि प्रत्येक सिस्टिमची माहिती लिहून ठेवण्याची सक्ती हवी. एक प्रोजेक्टर कमी आला तरी चालेल.

माझी विनंती अशी की विद्यापीठांनी मॅनेजमेंट विभागाच्या आयटी आराखड्याचा मसुदा मंजुरीआधी नोटीस बोर्डावर लावावा. विद्यार्थी, शिक्षक, कार्यालयातले कर्मचारी आणि लॅब असिस्टंट यांच्याकडून लेखी सूचना मागवाव्यात, आणि मगच कोटेशन मागवावीत. शहरात ईडीपी आणि आयटीत आयुष्य घालवलेली माझ्यासारखी बरीच मंडळी आहेत. बोलावले तर विनामूल्य येऊन बसायला आम्ही तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त ईडीपी अधिकारी
दांडिया बाजार, बडोदे