संपादनाचं काम सुरू करणाऱ्या लेकीला

नागपूर

प्रिय बेटा,

नोकरी सोडून नागपूरला परत येतेस, संशोधकांचं आणि चित्रकारांचं लिखाण संपादित करून देणार आहेस, हे ऐकून बाबा काळजीत पडले. मला मात्र फार आनंद झाला. इथलं विद्यापीठ आणि विदर्भ साहित्य संघ, दोन्ही १९२३ सालचे. लिहिणारी माणसं या गावात पुष्कळ. लिहिलेलं निगुतीनं वाचून देणारी कमी. मी प्रेसमध्ये मुद्रितं तपासली, म्हणून थोडं सांगते.

"जरा शुद्धलेखन बघून द्या" म्हणत लोक येतील. फाइल उघडलीस की अर्धा प्रबंध कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, अर्धा युनिकोडमध्ये. फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. म्हणून आधी आठ-दहा पानं स्वतः बघ, मगच दर सांग. तोही शब्दांवर. निम्मे पैसे आधी घे.

प्रबंध सादर करायच्या दिवसांत वेगळीच मागणी येईल, "मॅडम, टक्का कमी करून द्या." हा टक्का दुसऱ्यांच्या लिखाणाशी असलेल्या साम्याचा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, ४० पर्यंत निघालं तर ठरल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून द्यावं लागतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पोरं हवालदिल असतात, तुला त्यांची दया येईल. तरी नुसते शब्द फिरवायचं काम घेऊ नकोस. उसना विचार शब्द बदलून आपला होत नाही, आणि तोंडी परीक्षेला तू शेजारी नसशील. त्यापेक्षा एकेका उताऱ्यावर बोट ठेवून विचार, हे कुठून घेतलं? रीतसर संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. "एक प्रकरण लिहूनच द्या" म्हणत कुणी दुप्पट पैसे देऊ केले, तर सरळ नाही म्हण.

चित्रकारांचं निराळं. कॅटलॉगसाठी दीड पान लिहून आणतात, त्यात 'अस्तित्व', 'अवकाश' असे जड शब्द. रंगाबद्दल एक ओळ नसते. त्यांना चित्रासमोर बसवून बोलतं कर. कॅनव्हास सोडून कापडावर का आलात? ही माती कुठली? बोलतील तसं लिहून घे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीबोलीत वाढलेल्या पोराचं वाक्य तू पुण्याच्या वळणावर नेलंस, तर चित्र त्याचं आणि मजकूर भलत्याचाच होईल. मला याचं फार वाटतं, बेटा. त्याचा शब्द अडला तर समासात प्रश्न लिही, परस्पर बदलू नकोस. ट्रॅक चेंजेस कायम चालू ठेव, म्हणजे तू कुठे हात लावलास ते त्याला दिसेल.

काय करून देणार, काय नाही, किती दिवसांत, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, हे एका पानावर लिहून मला पाठव. मी तपासून देते.

तुझी,
आई