मोहोर दिसताच पाइप सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी ओसरली की आपल्याकडे परसातला आंबा मोहरतो, कढीपत्ता पाने टाकतो, लिंबाला कळ्या धरतात. फाल्गुन सरता सरता पारा चाळिशीकडे जातो, म्हणून घरोघरी आतापासूनच झाडांना भरपूर पाणी सोडले जाते. बहराचे मोठे नुकसान या घाईनेच होते.

मोहोर निघत असताना आंब्याला पाणी तोडलेलेच हवे. पाणी मिळाले की झाड पालवीकडे वळते आणि मोहोर कमी पडतो. कैरी वाटाण्याएवढी झाली की पहिले पाणी बेताने द्यावे, गोटीएवढी झाल्यावर वाढवावे. खोडाशी ओतण्यात अर्थ नाही. भर दुपारी झाडाच्या सावलीची कड जिथे पडते तिथे गोल आळे करून तिथे द्यावे. काळी जमीन वरून भेगाळते, त्यावरून अंदाज बांधू नये. वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबावी. गोळा झाला तर ओल पुरेशी आहे, भुगा झाला तरच पाणी.

मोहराखाली फुलांचा सडा पडला म्हणून घाबरू नये. एका तुऱ्यात शेकडो फुले असतात, त्यातली बहुतेक नर, ती गळणारच. तुऱ्यावर पांढरी भुकटी दिसली तर मात्र ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. फुले उमलण्याआधी दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालून सायंकाळी फवारावे. पारा ३५ अंशांच्या वर गेला असेल तर गंधक नको, मोहोर करपतो. पाने चिकट लागत असतील तर तुडतुडे आलेत असे समजावे. त्यांच्यासाठी अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी आणि गाळून दहा लिटर अर्क करावा. ही फवारणीही कळीवर असतानाच. पूर्ण फुलोऱ्यात कसलेच औषध मारू नये. माश्या आणि मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसे?

कढीपत्त्याचे खराटे झाले की लोक बादल्या ओततात, मग मुळे कुजून झाड खरेच जाते. फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवी असेल तर थांबावे, तांबूस कोंब आपोआप फुटतात. लिंबाचे उलटे आहे: ताण (बहरासाठी पाणी बंद ठेवण्याचा काळ) तोडला की थोडे थोडे पण नियमित पाणी लागते. एकदा कोरडे, एकदा तुडुंब झाले की कळ्या गळतात. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणी माघातच उरकावी. तिसरा हिस्सा काढून मुठीने शेणखत द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर कात्री लावली तर तो बहर गेला.

आणि एक कळकळीची विनंती: पानगळीचा पाला जाळू नका. आळ्यात त्याचा चार बोटे जाड थर दिला की ओल टिकते आणि पाण्याची पाळी लांबते. केळीची वाळली पाने, गव्हाचे काड, बारीक केलेली पऱ्हाटीही (कपाशीची वाळली झाडे) चालते. थर खोडाला मात्र टेकू देऊ नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी. नाहीतर वाळवी आधी पाल्यात आणि मग सालीत शिरते. दर पंधरवड्याला पाला उचलून खाली पाहत जावे.

आपला,
एक परसबागप्रेमी वाचक, जळगाव