आप्पा, बोनेटवर ठेवलेल्या हाताबद्दल

आप्पा, सा. न.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "चहा घे अन् निघ" म्हणाला असता. म्हणून हे उघड पत्र.

धुळ्याच्या त्या दहा वर्षांच्या पिकअपला मी पार भुललो होतो. नवा रंग, नवी सीट कव्हरं, मीटरवर जेमतेम 80 हजार किलोमीटर. चोपड्याहून केळी वाहायला आणखी काय हवं? इसाराचे पैसे खिशातच होते. अमळनेरहून तुम्हाला सोबत घेतलं ते तुम्ही मान डोलवावी म्हणून, खरं सांगतो. तुम्ही रंगाकडे पाहिलंही नाही, आधी बोनेटवर हात ठेवलात. "गरम शे ना भो!" आपण पोचायच्या आधीच त्यांनी गाडी तापवून ठेवली होती. उद्या पहाटे येतो, तोवर किल्लीला हात लावायचा नाही, असं एजंटला बजावून तुम्ही निघालात. पुन्हा हेलपाटा! मला तुमचा रागच आला होता.

पहाटे गार इंजिन चार सेल्फनंतर उठलं आणि निळा धूर ओकत राहिलं. "डिझेल गाडी आहे, धूर येणारच," एजंट म्हणाला. तुम्ही म्हणालात, थंडीत थोडा पांढरा येतो, इंजिन तापलं की जातो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडलंत तर आतून फसफसून वाफा. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, म्हणजे मीटरही खोटं.

तरी मी म्हणालो, इंजिन बांधून घेऊ. तुम्ही गोणपाट टाकून गाडीखाली शिरलात आणि मलाही ओढलंत. हौद्याखाली चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पट्टी वेल्ड केलेली, वरून काळा रंग फासलेला. मागे स्प्रिंगला एक पाटा जास्तीचा. ओझं वाहून कंबर मोडलेली गाडी! "इंजिन बांधशील, हिचं काय करशील?"

शेवटी पारोळ्याची पोचे पडलेली गाडी घेतली, तीही बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35 पाहूनच. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी लागतं, हेही तुम्हीच सांगितलंत. मजुरी मात्र घेतली नाहीत.

तुम्ही सांगितलेले पाट्याचे बुश बदललेत. रविवारी दाखवायला आणतो. इंजिन गार व्हायला तास-दोन तास लागतील, तेवढं तरी बसू द्या.

तुमचा,
चोपड्याचा केळीवाला