हुकमाखाली मुद्रकाचं नाव का नाही? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल दुपारी मला एक मेसेज आला. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ निकाल काय लागला, ते त्यात नव्हतं. कामात असाल, वेळ घेतो त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी कराडजवळच्या एका गावात छापखाना चालवतो. चालवत होतो म्हटलं तरी चालेल, कारण लग्नपत्रिका आता फोनवर जातात आणि वाढदिवसाचे फ्लेक्स पोरं साताऱ्याहून करून आणतात. मोकळा वेळ होता म्हणून तीन वर्षांपूर्वी व्हिडिओ करायला लागलो. गावातलेच विषय, म्हणजे गटारी, एसटीच्या वेळा, रेशन. फेब्रुवारीत पाणीयोजनेवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. नळाला पाणी नाही, टाकीला तडा आहे आणि टाकीवरच्या पाटीवर खर्चाचा आकडा रंगवलेला आहे. मी एवढंच केलं की आधी पाटी दाखवली, मग तडा दाखवला. शिवी नाही, कुणाची जात नाही, धर्म नाही. चार हजार लोकांनी पाहिला. आमच्या गावाची लोकसंख्या त्याहून कमी आहे, त्यामुळे मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

सहाव्या दिवशी व्हिडिओच्या जागी एक ओळ आली. कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर तुमच्या देशात उपलब्ध नाही. मस्कतला असलेल्या माझ्या भाच्याला तो अजून दिसतो. ज्याला त्या टाकीचं पाणी प्यायचं नाही त्याला बघायची परवानगी आहे, आणि जी बाई पहाटे पाचला टँकरपुढे हंडा लावून उभी आहे तिला नाही.

मागणी कुणी केली? कंपनीला मेल केले, उत्तर यंत्राने दिलं. एका सरकारी पोर्टलवर तक्रार केली, ती काल निकाली निघाली. माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली, उत्तर आलं की अशा आदेशांबाबत गोपनीयता पाळणं बंधनकारक आहे.

साहेब, मी मुद्रक आहे. १८६७ च्या इंग्रजी कायद्यापासून या देशात छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण टाकायची शिस्त आहे. निवडणुकीचं साधं हँडबिल असलं तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक, दोघांचं नाव-पत्ता लागतो. प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावी लागते. चुकलो तर सहा महिने कैद, नाहीतर दोन हजार दंड, किंवा दोन्ही. तुमच्या पक्षाची पत्रकंही मी छापली आहेत, विरोधकांचीही. प्रत्येकाखाली बारीक टाइपात माझं नाव आहे. मग माझा व्हिडिओ उतरवणाऱ्या हुकमाखाली कुणाचं नाव आहे?

कायद्यात सगळं आहे म्हणतात. मी वाचलंय ते, चष्म्याचा नंबर वाढेपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६९-अ, इंटरनेटवरचा मजकूर बंद करायचा अधिकार सरकारला देणारं. त्याखालचे २००९ चे नियम. बाजू मांडायला किमान ४८ तासांची नोटीस, कारणं लेखी, आणि दर दोन महिन्यांनी आढावा समिती. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन लिखाणापायी अटक करू देणारं ६६-अ रद्द केलं आणि ६९-अ ठेवलं, ते याच भरवशावर, की कारण लेखी असेल आणि नागरिकाला त्यावर हायकोर्टात जाता येईल. पुढे त्याच नियमांतला सोळावा नियम सांगतो की सगळं गोपनीय. म्हणजे कारण लिहायचं आणि कपाटात ठेवायचं. मी हायकोर्टात काय घेऊन जाऊ? भाच्याचा स्क्रीनशॉट?

बरं, माझ्या व्हिडिओवर ६९-अ तरी लावलं का? की सरकारने कळवूनही मजकूर न उतरवणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण काढणारं ७९(३)(ब)? की गृह मंत्रालयाच्या त्या ‘सहयोग’ पोर्टलवरून, जिथून खाती कंपन्यांना मजकूर उतरवायला कळवतात, कुण्या खात्याने बटण दाबलं? ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही नियम दुरुस्त केलेत, सहसचिव किंवा पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच कळवायचं, कारण द्यायचं. चांगलं केलंत. पण ते कारण कंपनीला. ज्याचा मजकूर गेला त्याच्या हातात कागद ठेवायचा, हे त्यात कुठे आहे? आणि लगेच फेब्रुवारी २०२६ मध्ये मजकूर उतरवायची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणलीत. तीन तासांत मला लग्नपत्रिकेचं प्रूफ मुलीच्या मामाकडून तपासून मिळत नाही. खरं-खोटं कुणी कधी तपासायचं? कंपनी कशाला तपासेल, उतरवून मोकळी होईल.

तुमच्याच सरकारने संसदेत दिलेले आकडे आहेत. ६९-अ खाली २०१४ मध्ये ४७१ लिंक बंद, २०२० मध्ये ९,८४९, २०२२ मध्ये ६,७७५. यात देशद्रोही किती आणि पाण्याच्या टाक्या किती, ते सांगणारा रकाना नाही.

मला लोक म्हणतात, काका, एक व्हिडिओ गेला, एवढं काय. सांगतो एवढं काय. महिनाभर झोप नाही. साखर दोनशेच्या खाली येत नाही. ज्या ग्रामपंचायतीची पावती पुस्तकं मी वीस वर्षं छापली तिने यंदा काम दुसऱ्याला दिलं. जावई म्हणाला, मामा, आमच्या नोकऱ्या आहेत. बायको काही म्हणत नाही, नुसता फोन उचलून दुसऱ्या खोलीत ठेवते. आणि मी घरात बोलताना फोनकडे बघून आवाज खाली आणायला लागलोय. माझ्यासारख्या माणसाचं कोण ऐकतंय, हे मलाही कळतं. तरी येतो आवाज खाली.

आणि ऐकण्याचं म्हणाल, तर डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या समितीने २०१८ च्या अहवालात लिहून ठेवलंय: फोन ऐकण्याच्या हुकमांचा आढावा घेणारी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार हुकूम असतात. मी हिशेब केला. आठ तास बसले, चहाला उठले नाहीत, तरी एका हुकमाला दोन सेकंद. माझ्या वडिलांच्या पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर पंधरा हजार कागद नुसते काढायला दोन दिवस लागायचे, आणि त्यात वाचायचं काही नसायचं.

त्यात नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार खात्याचं ‘संचार साथी’ ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच भरून द्या, असा हुकूम निघाला. डिसेंबरात तो बाहेर आला, ओरड झाली, दोन-तीन दिवसांत मागे घेतलात. घेतलात ते बरं. पण काढताना कुणाला विचारलं होतं? २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याचं तुम्ही काय केलंत, तर डेटा संरक्षणाच्या कायद्यातून माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(जे) बदललंत. मी टाकीच्या ठेकेदाराचं नाव मागितलं, तर ती म्हणे वैयक्तिक माहिती. ठेकेदार खाजगी आणि मी उघडा.

विरोधकांनी टाळ्या वाजवू नयेत. ६६-अ आणि ६९-अ दोन्ही २००८ मध्ये त्यांच्याच राज्यात आली, लोकसभेत गोंधळात, चर्चेविना. २०१२ मध्ये आमच्या पालघरच्या दोन मुलींना एका पोस्टपायी अटक झाली, एकीने लिहिलं म्हणून आणि दुसरीने नुसतं लाईक केलं म्हणून. तेव्हा दिल्लीत राज्य कुणाचं होतं आणि मुंबईत कुणाचं? कलम रद्द होऊन सहा वर्षं झाली तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच होते, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर उघड झालं. मेलेलं कलम चालतं आमच्याकडे, जिवंत नळ चालत नाही.

१९७५ च्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं. आणीबाणी होती, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी त्यांनी मंडपाला उभं केलं. माझे वडील त्या मंडपात होते. घरी येऊन त्यांनी एकच सांगितलं, असं आई म्हणायची: यशवंतराव पण उभे राहिले. यशवंतराव चव्हाण तेव्हा इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात होते. पुढे बाईंना अटक झाली. पण कुणी केली, ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. त्याआधी १९७५ च्याच जूनमध्ये इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी छापली, वाचणाऱ्याला कळलं की इथे काहीतरी होतं. १९०८ मध्ये टिळकांना न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं दिली, तरी आधी आरोप वाचून दाखवला होता, कुठल्या तारखेच्या केसरीतला कुठला लेख तेही सांगितलं होतं. मी टिळक नाही. मला फक्त आरोप वाचून दाखवा.

मागणं थोडंच आहे, वर फार बोललो. माझा व्हिडिओ ज्या कागदाने उतरवला तो कागद मला द्या, त्यावर कलम, तारीख, कारण आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा असू द्या. सोळावा नियम काढा, निदान ज्याचा मजकूर गेला त्याच्यापुरता तरी. व्हिडिओ परत लावा असं मी अजून म्हणतसुद्धा नाही. टाकीचा तडा तिथेच आहे, मी दुसरा काढीन.

या पत्राची प्रत स्पीड पोस्टाने आपल्याकडे पाठवली आहे. तिच्यावर सवयीने खाली डाव्या कोपऱ्यात माझं नाव, छापखान्याचं नाव, गाव, पिनकोड सगळं छापलंय. इथे टाकताना मात्र मुलीने ते काढायला लावलं. चाळीस वर्षांत माझ्या हातून बिननावाचा गेलेला हा पहिलाच मजकूर.

आपला,
एक मुद्रक