रक्तदाब मोजायचा कफ उजव्या हातावर बांधणाऱ्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,

हर्नियाची केस होती, लिस्टमध्ये पहिलीच. कागदावर आधीच लिहून आलं होतं: 'मर्मर (हृदयाच्या ठोक्यातला जास्तीचा आवाज) निरुपद्रवी, भुलेसाठी फिट'. तुम्ही तो वाचून बाजूला ठेवलात, लेकराच्या डाव्या दंडावरचा कफ सोडलात आणि उजव्या दंडाला बांधलात. डावीकडे वरचा आकडा 98 होता, उजवीकडे 122 आला. मग छातीच्या हाडाच्या वर, गळ्याखालच्या खळगीत बोट टेकवलंत. तिथे थरथर लागली, आणि तुम्ही केस रद्द केलीत.

आभार मानायचे आहेत ते सगळ्यात आधी त्या कफचे. हृदयातून निघाल्यावर महाधमनीच्या मुळाशी तीन फुगवटे असतात. ते संपून सरळ नळी सुरू होते, नेमकी तिथे, झडपेच्या जरा वर, आमच्या लेकराची महाधमनी डमरूच्या कंबरेसारखी आवळलेली. तिथून सुटलेली जोरदार धार उजव्या भिंतीला धरून वर जाते आणि पहिल्याच फाट्यात घुसते. हा फाटा उजव्या हाताकडे जातो, म्हणून त्या हातात दाब जास्त भरतो. खुद्द झडप आकसलेली असेल तर असा फरक सहसा पडत नाही. एकाच हातावर मोजणाऱ्याला तो कुठून दिसणार?

आधी ज्यांनी स्टेथोस्कोप लावला ते 'मोठा झाला की जाईल' म्हणत राहिले. निरुपद्रवी मर्मरमध्ये बोटाला थरथर लागत नाही, हे त्यांनाही शिकवलेलं असणारच. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, त्यात 'झडप तीन पाकळ्यांची, उत्तम' असा रिपोर्ट आला. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त सोनोग्राफीचा प्रोब झडपेपाशीच थांबला, गळ्याच्या खळगीत कुणी ठेवलाच नाही. वर त्या इकोसाठी मुलाला तासन्‌तास उपाशी ठेवून ट्रायक्लोफॉसचं झोपेचं सिरप पाजलेलं. त्या दिवशी काही झालं नाही, ही कुणाची पुण्याई, देव जाणे.

कारण या आजारात भूल आणि गुंगी हीच खरी घात करते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी त्या अरुंद जागेच्या खालून निघतात. त्यांच्या भिंती सतत जास्त दाब सोसून जाड होतात. कधीकधी झडपेच्या पाकळीचं टोक वरच्या कडेला चिकटतं आणि कोरोनरीचं तोंडच झाकलं जातं. डावा कप्पा जाड झालेला, त्याची रक्ताची भूक वाढलेली. अशात भुलेनं दाब उतरला आणि ठोके वाढले की हृदयाच्या स्नायूला रक्त पुरत नाही. हृदय बंद पडलं तर मसाज करूनही परत आणणं फार अवघड. उपाशीपणानं अंगातलं पाणी कमी झालं की दाब आणखी लवकर घसरतो. म्हणून केस रद्द केल्यावर आधी त्याला पाणी पाजलंत आणि बजावलंत: पुढे कधीही भूल द्यायची झाली तर दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालू ठेवा, नाहीतर सलाइन लावायला सांगा.

हर्निया आणि महाधमनी यांचं मूळ एकच, हेही तुम्हीच सुचवलंत. धमन्यांच्या भिंतींना आणि शरीरातल्या इतर ऊतींना लवचीकपणा देणारं प्रथिन म्हणजे इलॅस्टिन; त्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्यासह आजूबाजूचा तुकडा गळाला की विल्यम्स सिंड्रोम होतो. न्यूझीलंडच्या विल्यम्स यांनी 1961 मध्ये वर्णन केलेला हा आजार साध्या कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत) सहसा निसटतो, फिश किंवा मायक्रोअ‍ॅरे ही गळालेले बारीक तुकडे पकडणारी तपासणी लागते. फिशमध्ये तोच निघाला. या मुलांचं कॅल्शियम वाढू शकतं, म्हणून रक्त तपासून डी जीवनसत्त्वाचे थेंबही बंद झाले. फुगा घालून हे अरुंदपण टिकाऊपणे सुटत नाही, जाड भिंत पुन्हा आवळते. शेवटी सर्जननी तिन्ही फुगवट्यांत चीर देऊन तीन ठिगळं लावली.

छोट्या दवाखान्यात भूलतज्ज्ञाला पैसे केसमागे मिळतात. केस रद्द म्हणजे फी नाही, बोलावणारे सर्जन नाराज, आणि आमच्यासारखे नातेवाईक वर वाद घालायला तयार. तरी तुम्ही आवाज न चढवता पुन्हा कफ बांधून दोन्ही आकडे आम्हाला दाखवलेत. अशी माणसं आहेत म्हणून लोक आपलं मूल टेबलावर सोपवून बाहेर बसू शकतात. त्यांचे सत्कार होत नाहीत, कारण झालेलं ऑपरेशन दिसतं, टळलेला मृत्यू कुणाला दिसतो?

आता फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: दाब दोन्ही हातांत मोजा, गुंगीचं सिरप परस्पर देऊ नका. ठिगळं लावली म्हणून जपणूक संपत नाही. मूत्रपिंडाच्या धमन्याही अरुंद होऊ शकतात, म्हणून दरवेळी दाब पाहायचाच.

हर्निया अजून तसाच आहे. हृदयाच्या हॉस्पिटलातच करायचं ठरलंय आणि तिथल्या डॉक्टरांनी तुमच्याशी बोलायचं कबूल केलंय. जमलं तर त्या दिवशी या. आणि मॅडम, या वेळी केस रद्द करू नका.

तुमच्या पेशंटचे आईबाबा